कमलबाईची वरची बर्थ

पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात कमलबाई आया होती. पहिलटकरीण कितीही ओरडो, कमलबाईनं तिच्या कपाळावर हात ठेवून "आता गप, बाई" म्हटलं की ती गप व्हायची. अशा बाईच्या डोळ्याखाली एका सकाळी हा एवढा काळानिळा डाग दिसला, आणि दुपार व्हायच्या आत साऱ्या वस्तीला खबर लागली की भाऊराव बायकोला मारतो.

भाऊराव तिचा नवरा. रेल्वेत चाबीवाला. तिगावच्या बाजूला रोज रुळांकाठानं चालायचं आणि रूळ जागेवर धरणारी लोखंडी चावी ढिली दिसली की हातोडा मारून घट्ट करायची, ही त्याची नोकरी. माणूस इतका गरीब की कोंबडी अंथरुणावर बसली तर तिलाही "उठता का जी?" म्हणेल. पण झोपेतही त्याची ड्यूटी सुटत नसे. डोळा लागला की उजवा हात वर जायचा आणि जोरात खाली यायचा. उन्हाळ्यात दोघं अंगणात आपापल्या बाजेवर झोपत, तेव्हा तो हातोडा हवेत चाले. थंडीत मात्र आतल्या खोलीतल्या एकाच पलंगावर यावं लागे, आणि चावीच्या जागी कमलबाई असे. संसारभर तिनं मध्ये उशी घालून निभावलं. चौऱ्याऐंशीच्या थंडीत ती उशी सरकली.

डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. "कमलबाई, खरं सांगा. पोलिसात जायचं असेल तर मी सोबत येते."

"अवो मॅडम, तो माणूस झोपेत पटरी ठोकून राहिला ना!"

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. नवऱ्याला वाचवणाऱ्या बायका त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या.

तिकडे भाऊरावला बुद्धविहारातल्या बायांनी हातपंपावर गाठलं. "काऊन मारलं तिले?" भाऊराव बादली धरून उभा. म्हणाला, "मले तर काहीच आठवत नाही जी." झालं. आता तो पितोसुद्धा, असं ठरलं.

त्या संध्याकाळी भाऊराव जेवला नाही. म्हणाला, "मी खाली झोपत जातो."

"जमीन ओली हाय. तुमची कंबर धरली का मंग मलेच शेकत बसा लागते," कमलबाई म्हणाली. "वेगळे पलंग टाकू."

टाकायचे कुठे, हा प्रश्न होता. समोरच्या खोलीत मुलगा अनिल आणि नवी सून जयश्री. आतली खोली म्हणजे एका भिंतीला ज्वारीची कोठी, दुसरीला पेट्यांची चळत, आणि आत उघडणारं दार. जुना पलंग मुलाला दिला. बाजारातल्या सुखदेव वेल्डरनं येऊन खोलीचं माप घेतलं आणि दोन अरुंद लोखंडी पलंग बनवले. माप बरोबर होतं. फक्त दार उघडायलाही जागा लागते, हे त्यात धरलेलं नव्हतं.

कमलबाई ड्यूटीवर असताना पलंग आले. पहिला झटक्यात बसला. दुसरा बसवायला दार लावून घ्यावं लागलं, तरी बोटभर अडेच. भाऊरावनं हातोडा काढला. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चार ठोके घातले, पलंग कोठी आणि दार यांच्यामध्ये गच्च जाऊन बसला.

"बसला!" भाऊराव म्हणाला.

"बसला खरा," सुखदेव म्हणाला. "पण भाऊ, आता बाहेर कसं जायचं?"

दोघांनी ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं. खाली पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगावर उभं राहून पलंग उचलता येत नाही, हे त्यांना हळूहळू समजलं. कमलबाई घरी आली तेव्हा जयश्री पदर तोंडाला लावून हसत होती आणि अनिल खिडकीच्या गजातून आत चहा देत होता.

कमलबाई दाराशी गेली. "अवो, काय करून राहिले आतमंदी?"

"पलंग टाकून राहिलो."

"मंग उघडा दार."

"तेवढं सोडून बोल."

शेवटी गजातूनच लोखंड कापायची आरी आत दिली. सुखदेवनं आपण सकाळी जोडलेला पाय तोंडातल्या तोंडात पुटपुटत कापला. पलंग तिरपा झाला, दार मोकळं झालं. दोघं बाहेर आले ते थेट मोरीकडे धावले.

तीन पायांचा पलंग अंगणात पडला. कमलबाई त्याच्याभोवती फिरली. दसऱ्याला ती दरवर्षी नागपूरला जायची, जनरल डब्यात, उभी. परतीला एकदा गर्दीच्या रेट्यात स्लीपरच्या डब्यात ढकलली गेली होती. तिथं वरच्या बर्थवर एक बाई पाय पसरून झोपलेली तिनं पाहिली, आणि टीसीनं उतरवेपर्यंत तिच्याकडेच बघत राहिली होती.

"सुखदेवभाऊ," ती म्हणाली, "एकावर एक काऊन नाही ठेवत?"

"याले तर तीनच पाय हायेत, वहिनी."

"वरच्याले पाय लागतेच कशाले?"

उरलेले तीन पायही कापले गेले. चार कोपऱ्यांना पाइप उभे झाले, बाजूला शिडी लागली. कवेलूंचं छप्पर एका बाजूला उतरतं होतं म्हणून कोठी सरकवून बर्थ उंच बाजूला घेतली.

"वर मी चढतो," भाऊराव म्हणाला. "तुले जमन नाही."

"आन् हात खाली आला म्हंजे? वर मी जाते."

पन्नाशीची, भरल्या अंगाची कमलबाई पदर खोचून शिडी चढली. पाइप करकरले. सुखदेवनं डोळे मिटले. मग वरून काहीच आवाज येईना.

"झोपली का वो? कमल?"

"नाही जी." पाय पसरत ती म्हणाली, "इथं कोणीच नाही."

लोधीखेड्याच्या माहेरी ती बहिणींच्या रांगेत एका गोधडीखाली झोपली, सासरी सासूच्या शेजारी, मग लेकरांच्या, मग हातोड्याच्या. दवाखान्यात तर बाकावर बसूनच डुलकी. सगळ्या बाजूंनी मोकळी जागा असते कशी, ते तिला आज कळत होतं. जेवायला हाक मारली तरी ती लवकर उतरली नाही.

आता वस्तीत नवी बातमी: मारहाण थांबली, पण दोघं वेगळी झाली. ही बातमी सौंसरला पोचली आणि तिथून कमलबाईची थोरली बहीण केसरबाई पहिल्या बसनं रडत आली.

"माय वो, या वयात वेगळं व्हायचं? लोकं काय म्हणतीन?"

"वर चढून पाहा, मंग बोल," कमलबाई म्हणाली.

केसरबाई नाही-नाही म्हणत चढली. "हे काय बाप्पा, माकडावानी..." एवढंच ऐकू आलं. चहा झाला, भाकरी झाल्या, केसरबाई उतरेना. अनिलनं डोकावून पाहिलं तर घोरत होती. दिवे लागायच्या वेळी खाली आली, आणि पदर सावरत म्हणाली, "आमच्या घरचं छप्पर तर याच्याहून उंच हाय." पुढच्या महिन्यात सुखदेव सौंसरला माप घ्यायला गेला. या खेपेला त्यानं आधी दार मोजलं.

भाऊरावचा हातोडा खाली चालूच राहिला, गादीला काय लागायचं. पण एक गोष्ट कोणी धरली नव्हती. शेजारी झोपत तेव्हा दोघं पाठमोरी होऊन गप्प पडत. आता वरून-खालून बोलणं सुरू झालं. दवाखान्यात कोणाला जुळं झालं, रुळावर कुठं मोर दिसला. दिवा गेला की भाऊराव विचारायचा, "बाई, कुठवर जाणार?"

"तुमी सांगा. इटारसीच्या पुढं काय लागते?"

आणि भाऊराव, जो आयुष्यात चार वाक्यं सलग बोलला नव्हता, एकेक स्टेशन सांगत जायचा. भोपाळ यायच्या आधी दोघांतलं कोणीतरी झोपलेलं असायचं.