आधी नाव, मग आकडा

चौबे कॉलोनीतल्या पेंढारकर काकूंकडे आपल्या वाढदिवसाला कोणीही गेलं, की औक्षण व्हायचं, हातावर अनारसा पडायचा आणि लगेच हुकूम सुटायचा, "मोबाईल काढ. तुझा क्रेडिट रिपोर्ट पाहू." वर्षातून एकदा तो फुकट मिळतो आणि स्वतःचा वाढदिवस कोणी विसरत नाही, म्हणून तोच मुहूर्त. बँकेच्या कर्ज विभागात जन्म काढलेली बाई. निवृत्त झाली तरी खोड काही गेली नाही.

आम्ही सगळे थेट स्कोअर बघायला धावायचो. काकू स्क्रीनवर फूटपट्टी आडवी धरायच्या. "आकडा मागून पाह्य रे. आधी पाह्य, हा माणूस तूच आहेस का." नाव, जन्मतारीख, पत्ता, मग एकेक कर्ज, एकेक कार्ड. शेजारच्या वहिनींच्या नावावर, त्यांनी कधीच न घेतलेलं मोटरसायकलचं कर्ज काकूंनी असंच पकडलं होतं. मला मात्र हे सगळे रिकामपणचे उद्योग वाटायचे. तीन वाढदिवस मी अनारसा घेऊन सटकलो.

त्याची फळं भोगली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचो आणि आईचे गुडघे असे गेले होते की दिवाळीपासून ती खाली उतरली नव्हती. समता कॉलोनीत तळमजल्यावरचा फ्लॅट मिळाला, मी बयाणा देऊन मोकळा झालो आणि बँकेने कर्ज नाकारलं. तणतणत काकूंकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट काढायला लावला. त्यांची फूटपट्टी दुकानासाठी घेतलेल्या एका जुन्या कर्जावर थांबली. पुढे लिहिलं होतं, 'सेटल्ड', म्हणजे कमी पैशांत तडजोडीने मिटवलेलं.

मी छाती फुगवून सांगितलं, की सदर बाजारात आमचं कापडाचं दुकान, घासाघीस आमच्या रक्तातच आहे. शेवटचे हप्ते थकले तेव्हा वसुलीवाल्याशी बोलून मी अठरा हजार माफ करून घेतले होते. ही मर्दुमकी मी चार ठिकाणी मिरवलीही होती.

काकू हसल्या नाहीत. "साडीचा भाव पाडला तं दुकानदार उद्या पुन्हा या म्हणते. इथं लिहून ठेवते, की यानं कबूल केलं तेवढं दिलं नाही. मले आधी काहून नाही विचारलं?"

मान वर करायची सोय राहिली नाही. पण त्यांनी पुढे एका शब्दाने टोचलं नाही. उरलेले अठरा हजार भर, काही बाकी नसल्याचं पत्र घे, ते जोडून दुरुस्तीचा अर्ज टाक, असं कागदावर लिहून दिलं. मी पैसे भरले, पण पत्र काही मिळेना. तेव्हा भर उन्हात ऑटो करून त्या स्वतः माझ्याबरोबर त्या जुन्या कर्जाच्या बँकेत आल्या. पत्र घरी येईल, असं तिथल्या माणसाने सांगितलं. काकूंनी पर्समधून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. "लेटर लेकर ही उठूँगी, भैया." दोन तासांनी पत्र हातात घेऊनच त्या उठल्या.

बयाणा बुडाला, तो फ्लॅटही गेला. पण रिपोर्ट दुरुस्त झाला आणि पुढच्या वर्षी कर्ज मंजूर होऊन त्याच गल्लीत दुसरं घर मिळालं. आज आई अंगणात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारते. हे काकूंचे उपकार आहेत आणि ते फिटणारे नाहीत.

गेल्या वर्षी काकूंना मेंदूचा झटका आला. त्या माणसं ओळखेनाशा झाल्या. त्यांच्या वाढदिवसाला आईने केलेले अनारसे घेऊन गेलो, तर मलाही "बसा भैया" म्हणाल्या. मी त्यांच्या मुलीला विचारून त्यांच्याच मोबाईलवर त्यांचा रिपोर्ट काढला. फूटपट्टी धरून मोठ्याने वाचू लागलो. पूर्ण नाव. जन्मतारीख. चौबे कॉलोनीतला पत्ता.

"काकू," मी विचारलं, "हा माणूस तुम्हीच ना?"

त्यांनी सावकाश फूटपट्टीवर बोट ठेवलं. "हव," त्या म्हणाल्या. "मीच आहो."

पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. वाढदिवसाच्या त्या दिवशी आकड्यापर्यंत मी वाचलंच नाही.