मामांची करंगळी

माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्वदीर्घाशी माझं तेव्हाही पटलं नाही, आणि अक्षर असं की माझी किराण्याची यादी वाचायला दुकानदार मलाच बोलावून घेतो. तेवढं पोटात घालून वाचावं.

माझ्या मामेसासऱ्यांच्या मते जगात दोनच तऱ्हेची दुःखं होती, सैल पट्ट्याची आणि घट्ट पट्ट्याची. बाकीची माणसानं रिकामपणी तयार केलेली. शिरूरला चाळीस वर्षं त्यांनी पिठाची गिरणी चालवली. इंजिनापासून जात्यापर्यंत जाणारा तो लांबलचक चामडी पट्टा सांभाळता सांभाळता त्यांना अशी खोड लागली, की माणूस भेटला तरी आधी त्याच्या कमरेकडे बघत. "करंगळी गेली पायजे, अंगठा जाता कामा न्हाई," हा त्यांचा कायदा, आणि तो कुत्र्याच्या गळपट्ट्याला, कंडक्टरच्या पिशवीला आणि बाळाच्या करदोड्याला सारखाच लागू. दौंड स्टेशनाबाहेर एकदा त्यांनी टांग्याच्या घोड्याच्या पोटाखालच्या पट्ट्यात करंगळी घातली. टांगेवाला म्हणाला, "मामा, कोट शिवताय का त्याला?" मामा म्हणाले, "तुझ्यापरीस त्यालाच शोभंल." घोड्यानं मात्र त्यांच्या टोपीचा घास घेतला. आमच्या यजमानांचे रेल्वेतले साहेब चहाला आले, तर त्यांच्याही पोटाशी करंगळी जाऊन पोचली. "सायेब, एक भोक मागं या. श्वास कोंडतोय तुमचा." साहेब एक भोक मागं आले आणि आणखी चार भजी खाऊन गेले. आमच्या यजमानांना मात्र त्या दिवशी एक भजं गिळवलं नाही. आणि हा कायदा करणाऱ्याचं स्वतःचं धोतर सुतळीनं बांधलेलं, एक हात कायम कमरेला.

मला शिवणाचं जुनं मशीन घ्यायला पैसे दिले ते याच मामांनी. "मामाचे पैसे फिटले नाहीत तर मशीन शिरूरला जाईल, सांगून ठेवतो," असं यजमानांनी मला बजावलं होतं. मामा स्वतः कधी काही बोलले नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एस.टी.नं यायचे आणि दारातून म्हणायचे, "पट्टा बघाया आलोय." मशीनच्या खालच्या मोठ्या चाकावरून वर जाणारा पट्टा ते दाबत, करंगळी घालत, कान लावत. चामडं सैल पडतं म्हणून नखभर कापत आणि तारेनं परत जोडत. मी पाच रुपये चहाच्या बशीखाली ठेवायची. त्यांच्यापुढं 'व्हय' आणि 'न्हाई' यापलीकडं मी गेले नव्हते.

एका महिन्यात धाकटीला गोवर आला. पंधरा दिवस मशीनला हात लागला नाही. रविवारी चहा दिला, पण बशीखाली काही नव्हतं, आणि मी चुलीपाशी जी बसले ती उठेना. मामांनी बशी उचलली, परत ठेवली. मग चाकू काढला आणि मशीनचा पट्टा चांगला चार बोटं कापला. तो चाकावर चढेचना.

"हात्तिच्या," मामा म्हणाले, शेजारच्या क्वार्टरात ऐकू जाईल असं. "मीच बिघडवला की. आता पोरीचं काम बंद, तेबी माझ्यापायी. ह्या महिन्याचं मागाया मला तोंड ऱ्हायलं न्हाई."

"म्हातारा नजरेनं गेला," मामा गेल्यावर यजमान चिडून म्हणाले. मंगळवारी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर नवा पट्टा आला, अगदी मापाचा. चाळीस वर्षं पट्टे कापणाऱ्याचा हात चार बोटं चुकतो कसा, हे उमजायला मला बरेच महिने लागले. सांगितलं ना, शाळा चौथीपर्यंत.

पुढं एका रविवारी शेवटचे पाच रुपये बशीखाली ठेवले. मामांनी नोट उलटसुलट करून बघितली, घडी घालून बंडीत ठेवली. "फिटले समदे," म्हणाले, आणि धोतर सावरत, पिशवी उचलून दाराकडं निघाले. मशीनकडं बघितलंसुद्धा नाही.

"मामा," माझ्या तोंडून निघून गेलं, "पट्टा न्हाई बघितला."

ते थांबले. पिशवी खाली ठेवली, मशीनपाशी उकिडवे बसले आणि पट्ट्याखाली करंगळी घातली. बराच वेळ काढली नाही.