धुक्यातले तीन ठोके

डोंगरातल्या कुठल्याही खडकावर हातोडा मारण्याआधी तांडेल मॅडम त्यावर तळहात टेकवायच्या आणि क्षणभर डोळे मिटायच्या. आम्ही हसलो की म्हणायच्या, "हसा. म्हाताऱ्या माणसाला उठवताना आदी हात लावतात, एकदम मारत नाय."

त्या पालघरजवळच्या दांडी या कोळी गावातल्या. आईने सुकट विकून त्यांना शिकवलं. पालघरच्या एका कॉलेजात त्या भूगर्भशास्त्र शिकवायच्या, आणि मी त्यांच्या हाताखाली नवीन लागलो होतो. आमच्या भागातला दगड सगळा लाव्हाचा, काळा. जमिनीच्या पोटात दाबून, भाजून रूप बदललेला खडक दाखवायला त्या दरवर्षी मुलांना हिमालयात न्यायच्या. "आपला दगड ओतलेला हाय," त्या सांगायच्या, "तिथला मळलेला."

त्या वर्षी अकरा मुलं होती. गढवालच्या एका दरीत वाटेलगत उंच कडा होता. काळेपांढरे पट्टे विस्कटलेल्या निऱ्यांसारखे एकमेकांवर दुमडलेले, आणि मधूनमधून पांढरे, डोळ्यांच्या आकाराचे दाणे.

"मॅडम, हे बघतायत आपल्याकडे," रेश्मा म्हणाली.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कड्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"गरम आहे?" मी विचारलं.

"नाय." आमच्याकडे हातोडा एकच होता. तो त्यांनी माझ्या पिशवीत टाकला. "आज ठोकायचं नाय. बसून नुसती चित्रं काढा."

दुमड पुढे कुठे वळते ते पाहायला त्या एकट्याच गेल्या. तेवढ्यात दरीतून धुकं चढलं. शेजारचा माणूस दिसेना. मग उजवीकडून, वरच्या वाटेवरून आवाज आला. टक, टक, टक. थोडं थांबून पुन्हा तीन.

"मॅडम बोलावतायत," मुलं म्हणाली. एकमेकांच्या पिशव्या धरून आम्ही आवाजामागे निघालो. आम्ही जवळ गेलो की तो पुढे सरकायचा. दोनेकशे पावलांवर धुक्यातून मॅडम समोर आल्या, चिडलेल्या.

"किती ठोकतोस रे? मी नको म्हटलं होतं ना? आवाज ऐकून धावत आले मी!"

मी पिशवीतला हातोडा काढून दाखवला. मॅडमनी आधी मुलं मोजली. अकरा भरली तेवढ्यात खालून गडगडाट झाला. धुकं विरल्यावर पाहिलं, तर आम्ही बसलो होतो त्या जागी घराएवढे धोंडे पडले होते.

परतल्यावर मॅडमनी अहवालात लिहिलं : ठोके ऐकू आले. कारण माहीत नाही. प्राचार्य म्हणाले, हे वाक्य काढा, लोक हसतील.

"ताण सुटताना दगड तडकतो, आवाज येतो, हे मलाही ठाऊक हाय," मॅडम म्हणाल्या. "पण तीन-तीन? मोजून? ऐकलं ते लिहिलं. कळलं नाय तेही लिहिलं." वाक्य राहिलं. कळलं नाही असं कागदावर लिहायला मी त्यांच्याकडून शिकलो.

मॅडम गेल्या वर्षी वारल्या. त्याच्या आठवडाभर आधी मी दांडीला जाऊन त्यांना भेटलो. आवाज पार खोल गेला होता. मी विचारलं, "मॅडम, कोण होतं हो ते?"

"मी काय विचारलं नसेल? दुसऱ्या वर्षी एकटी गेले होते तिथे. कड्यासमोर उभी राहून म्हटलं, माजी पोरं वाचवलीस, कोण हायस तू?"

"मग?"

"वाराच पडला. पाखरू नाय, पाणी नाय, कसलाच आवाज नाय." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "कोणीतरी श्वास धरून उभं हाय, असं वाटलं बग. तेवा मी पळाले."