रोह्यासाठी मऊ गोळी की टणक?

आमच्या चौकडीचे किस्से म्हणजे पानवेल आहे हो! एक पान खुडलं की दोन फुटतात. परवा कोणी तरी शिकारीचं नाव काढलं आणि मी असा सुटलो, की समोरचा चहा पार निवला. आता तुम्हीही ऐका.

लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. उमेळ्याला अण्णांची केळीची वाडी आणि घरात परवान्याची विलायती रायफल. रोज संध्याकाळी ओटीवर आम्ही तिघं हजर. ब्रह्मदेशात लढून आलेला बस्त्याव, शाळेतले विठ्ठलमास्तर आणि मी. मला बंदुकीतलं काही कळत नसे, म्हणून दुर्बीण माझ्याकडे!

एके दिवशी चांदीप गावाहून अण्णांचा जुना स्नेही धर्मा धापा टाकत आला. "अण्णा, शेतात रोही आलाय! घोड्याएवडा! तीन दिसांत अर्धा वाल खाल्ला. ऱ्हायलेला गेला तर वरीसभर पोरांना काय घालू?" रोही, म्हणजे नीलगाय, आमच्याकडे कुठला? गुजरातच्या अंगाने वाट चुकून आलेला असणार. आम्ही असे काही पेटलो म्हणता!

"त्याला आडवा करतो," अण्णा म्हणाले, आणि तिथेच वाद सुरू झाला.

रोह्याचं कातडं जाड, मानेवर तर फारच. अण्णांच्या डब्यात दोन तऱ्हेची काडतुसं होती, सहा आणि सहा. एक मऊ नाकाची, ती अंगात शिरली की फुलते. दुसरी पुरी तांब्याने मढवलेली, टणक, ती सरळ आत घुसते.

"मऊच हवी!" मास्तर म्हणाले. त्यांनी पुस्तकात वाचलं होतं.

"वरच्यावर फुलून बसेल ती! टणक!" बस्त्याव म्हणाला. त्याने लढाईत पाहिलं होतं. झालं, दोघं हटेनात!

* * *

"करूनच बघू," अण्णा म्हणाले. वाडीवाल्याला दुसरं काय सुचणार? घड उतरवलेले केळीचे पाच खुंट एकामागे एक उभे केले. मऊ गोळी तिसऱ्या खुंटात बसली. मग टणक. ठो! पाचही खुंट पार, कुंपण पार, आणि पलीकडच्या रहाटाची दोन मडकी खळ्ळकन फुटली!

शेजारच्या काकू कमरेवर हात ठेवून कुंपणाशी आल्या. "काय रे अण्णा, केळी पळायला लागल्या म्हणून गोळ्या घालतोस?"

* * *

"पण केळीला कातडं कुठे असतं?" मास्तरांनी शंका काढली. मग जुन्या मोटेचं कातडं आणून खुंटाला गुंडाळलं. ठो! एकेरी, दुहेरी, ओलं, सुकं. मास्तर प्रत्येक भोक फुटपट्टीने मोजत आणि वहीत टिपत. मीही आनंदाने ओरडत होतो, खोटं कशाला बोलू?

दोन दिवसांनी अण्णांनी डबा उघडला आणि मटकन खालीच बसले. आत एक मऊ काडतूस, एक टणक!

धर्मा पुन्हा आला होता. त्याने डब्यात बघितलं, आमच्याकडे बघितलं. "अण्णा, तुमचं ठरेस्तवर वाल सरंल माजा!"

* * *

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर बस्त्यावने थेट पाद्रीबाबांनाच गाठलं. ते तरुणपणी चांगले शिकारी होते म्हणे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मऊ, टणक, खुंट, मोट.

"गोळीचं राहू दे बाबा," ते म्हणाले, "तुमच्यात नेम कोणाचा लागतो?"

बस्त्याव आठवडाभर नेमाचा विषय काढू देत नव्हता!

* * *

सोमवारी पहाटेच आम्ही धर्माच्या बांधाआड आडवे. अण्णांनी टणक गोळी भरलेली. उजाडलं, आणि अहाहा! तीस पावलांवर रोही, निळसर, उंच, आमच्याकडे कूस करून आडवा उभा! मी उगीचच दुर्बीण डोळ्यांना लावली. धर्माने हात जोडले.

"आडवा आहे. मऊ घाला!" मास्तर कुजबुजले. अण्णांनी खटकन टणक काढली.

रोह्याने मान वर केली.

"काढलीस कशाला? टणकच!" बस्त्याव.

अण्णांनी पुन्हा टणक घातली. "खांद्याचं हाड मध्ये नाही!" मास्तर आता कुजबुजत नव्हते. "पुस्तकात स्पष्ट लिहिलंय!"

"ब्रह्मदेशात मी होतो की तुमचं पुस्तक?" बस्त्याव उठून उभाच राहिला. मास्तरही उठले. अण्णांनी रायफल खाली ठेवली आणि दोघांवर ओरडले. मी सगळ्यांना गप्प करायला त्यांच्याहून मोठ्याने ओरडलो!

रोही ओढ्यापलीकडे, टेकडीवर, दिसेनासा. एकही गोळी सुटली नाही. धर्माकडे बघायची आमची छाती झाली नाही. तसेच खालमानेने घरी आलो.

पंधरा दिवसांनी धर्मा टोपली घेऊन ओटीवर हजर. टोपलीत वालाच्या हिरव्यागार शेंगा!

"फिरकला न्हाय परत," तो म्हणाला. "पन आता रताळ्यात डुकरं शिरतात, अण्णा. उद्या सकाळी याल का? बंदूक ऱ्हाऊ द्या घरी. नुसते चौघं या."