सुलाबाईचं तिसरं झाड

सुलाबाईचे गुडघे २००३ सालापर्यंत पार कामातून गेले होते, पण औषध अजून तिच्याच हातात होतं. कळवणच्या पश्चिमेला, डोंगराखालच्या त्या पाड्यावर कोंबड्यांना पांढरी हगवण लागली की लोक तिच्याच दाराशी यायचे. डोंगर चढायचा, साल आणायची, काढा आटवायचा आणि कोंबड्यांच्या पाण्यात घालायचा, हे तिनं तीस वर्षं केलं. जीव विटला तरी केलं. झाडाचं नाव मात्र कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की औषधाचा गुण जातो, असं सासूनं बजावलं होतं, आणि सासूचा शब्द कोण मोडणार, ती मेल्यावरसुद्धा?

त्या वर्षी सून मीनानं चाळीस कोंबड्या पाळल्या. नवरा निफाडला द्राक्षाच्या कामावर होताच. अंड्यांवर घर चाललं तर लेकराला मागं टाकून आपल्याला जावं लागणार नाही, एवढीच तिची आस. दिवाळीनंतर हगवण आली. कळवणच्या जनावरांच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि शेवटी हात टेकले.

"या गोळ्यांना आता जंतू दाद देत नाहीत. आजींचा काढाच द्या, त्यानं जंतू मरतात," तो म्हणाला.

सुलाबाईला उंबरासुद्धा ओलांडवत नव्हता. "मीने, तूच जा. झऱ्यापासून वर तिसरं झाड. त्याची साल आण."

"कशाचं झाड, आत्या?"

"तिसरं म्हटलं ना."

मीनानं साल आणली, काढाही तिनंच केला. सुलाबाई चुलीपर्यंत उठली नाही, तिनं कंटाळा केला. तीन दिवसांत सव्वीस कोंबड्या गेल्या. चौथ्या दिवशी सुलाबाईनं उरलेली साल जिभेवर ठेवली. कडू नव्हती. मीनाला खोदून विचारलं तेव्हा कळलं, खालचं एक झाड कुणीतरी सरपणाला तोडलं होतं, आणि मीनानं बिचारीनं मोजून तिसरंच धरलं होतं. पोरीची यात काय चूक? सुलाबाईला स्वतःचाच संताप आला.

"कुडा," ती म्हणाली. "कुड्याची साल लागते. गुण जायचा तर जाऊ दे."

मीनानं उरलेली साल चुलीत टाकली.

"कुडा तर माझ्या माहेरी कुंपणाला हाय, आत्या. तासाभराची वाट."

ती तशीच उठली आणि संध्याकाळपर्यंत टोपलीभर साल घेऊन आली. उरलेल्या चौदाच्या चौदा जगल्या. पण चौदा कोंबड्यांवर घर चालत नाही. सोमवारी लेकराला सासूच्या मांडीवर देऊन मीना निफाडच्या जीपमध्ये बसली.

तेव्हापासून सुलाबाई दाराशी येईल त्याला, त्यानं विचारायच्या आधीच, झाडाचं नाव सांगते.