पियानोला खालची बाजू हवी होती

भरतीच्या अर्जावर 'पूर्वीची शस्त्रक्रिया' असा एक रकाना होता आणि त्याच्या खाली 'कारण'. शहाणी माणसं तिथे 'नाही' लिहून मोकळी होतात. या गड्याने मात्र सरळ लिहिलं, 'मणक्याची चकती. कारण: पियानो.' कारकुनाने ते दोनदा वाचलं, मग शेजारच्या कारकुनाला वाचून दाखवलं, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या छावणीत त्याचं 'पियानो' असं बारसं उरकलं. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव पुढचे दहा आठवडे कुणाच्याही तोंडी आलं नाही.

पियानो वाजवून कुणाची पाठ जात नाही. त्याने तो उचलला होता. घरचा धंदाच लोकांची बिऱ्हाडं हलवण्याचा. एक टेम्पो, आठ पट्टे, जुन्या गोधड्यांचा ढीग, बाप, काका आणि हा. अठराव्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरून पियानो उतरवताना जिन्याच्या वळणावर त्याने बढाई मारली की सोडा, मी एकटा धरतो. पियानोने त्याला शब्दात पकडलं. पाठीत काहीतरी सटकलं, डाव्या पायातून करंट गेला आणि दोन महिन्यांनी ऑपरेशन झालं. पियानोला मात्र ओरखडाही आला नाही, हे बाप अजून प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगतो.

या धंद्यात जिन्यावर दोन जागा असतात. खालच्याच्या अंगावर वजन येतं. वरच्याने तोल धरायचा आणि बोलायचं: दोन पायऱ्या, डावीकडे, थांब, भिंत. खालच्याला कपाटाच्या फळीखेरीज जगात काही दिसत नसतं, तो वरच्याच्या तोंडावर विसंबून पाय टाकतो. ऑपरेशननंतर बापाने पोराला जो वर ठेवला तो कायमचाच. सहा वर्षं पंचावन्नीचा बाप फ्रिजखाली मान वाकडी करून घाम गाळतोय आणि चोवीस वर्षांचा घोडा वर उभा राहून पायऱ्या मोजतोय, असं ते दृश्य होतं. एका बाईंनी तर विचारलं, की हे तुमचे साहेब का. बाप हसला. पोराच्या काळजाला ते लागलं. त्याला कीव नको होती, वजन हवं होतं, आणि बाप काही ते देईना. म्हणून तो सैन्यात गेला. डोकं फिरलेली माणसंसुद्धा याहून सोपे मार्ग शोधतात.

सैन्याच्या डॉक्टरने त्याला वाकवलं, वळवलं, उड्या मारायला लावल्या, व्रणावरून बोट फिरवलं आणि कागदावर शेरा मारला: 'योग्य. प्रशिक्षणात पाठीची एकही तक्रार आल्यास घरी.' म्हणजे दहा आठवडे पाठीने तोंड उघडायचं नाही. ते उघडलं की पुन्हा टेम्पो, पुन्हा वरची बाजू, आणि वर काकाचे टोमणे फुकट.

छावणीत पहिल्या दिवसापासून त्याची शोभा झाली. ऑपरेशननंतर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्याच्याकडून घोटून घेतलं होतं, की उठताना ताडकन उठायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि मग हाताने रेटा देऊन बसायचं. शिट्टी वाजली की बराकीतले एकोणतीस जण पलंगाशेजारी ताठ उभे, आणि तिसावा अजून कुशीवर वळतोय. हवालदाराची मिशी त्याच्या आधी खोलीत यायची. मिशीमागून आवाज आला, की राणीसाहेबांची झोप झाली का. बुटाची नाडी बांधायलाही पियानो गुडघा टेकायचा. त्यावरून बराकीत जे बोललं गेलं ते छापण्यासारखं नाही.

पण चौथ्या आठवड्यापासून वारं फिरलं. धडधाकट म्हणवणारी अंगं एकेक करून कुरकुरू लागली. कुणाचा घोटा गेला, कुणाचा खांदा. ज्याला सगळे बैल म्हणत तो दांडगा गडी एका सकाळी येऊन कुजबुजला, की पाठपिशवीने कंबर मोडतेय, तुझी कशी मोडत नाही. पियानोने त्याची पिशवी उपसली, जड सामान वर आणि पाठीला चिकटवून भरलं, पट्टे आवळले. कपाट जसं अंगाला लावून धरायचं तसंच हे. आठवड्याभरात अर्धी बराक पिशव्या घेऊन त्याच्या पलंगापाशी रांगेत उभी राहायला लागली. नाडी बांधायला गुडघा टेकणारेही आता सहा झाले होते.

दहाव्या आठवड्यात शेवटची परीक्षा होती. सरावासाठी बांधलेली चार मजली इमारत, अरुंद जिना, आणि चौथ्या मजल्यावर स्ट्रेचरला बांधलेला वाळूचा पुतळा. नव्वद किलोच्या त्या पुतळ्याला सगळे मामा म्हणत, कारण तो काहीही न करता लोकांना राबवायचा. चौघांनी मामाला वेळेत खाली आणायचं. वाटेत टेकवला तर अर्धा मिनिट दंड. वेळ चुकली तर चौघांचेही पुन्हा दहा आठवडे.

चौघांत बैल होता आणि पियानोही होता. बैलाने खालच्या बाजूला हात घातला तेव्हा पियानोने त्याला खांद्याने बाजूला केलं. सहा वर्षं ज्या जागेची वाट पाहिली ती तो दुसऱ्याला कशाला देईल.

पहिला मजला बरा उतरला. दुसऱ्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. तिघेही एकदम ओरडायला लागले, एक म्हणतो डावीकडे, एक म्हणतो वर घे, बैल नुसताच हं हं करतोय. मामा तिरपा झाला आणि सगळं वजन पियानोच्या अंगावर आलं. तेवढ्यात डाव्या पायातून तो जुना करंट गेला, अगदी ओळखीचा. त्याला दरदरून घाम फुटला. दात आवळून तसंच रेटलं तर हा दुसरा पियानो ठरणार हे त्याला स्वच्छ कळलं. तोंड उघडलं तर खालची बाजू गेली. मेलं ते वजन, त्याच्या मनात आलं, आणि डोळ्यांत चक्क पाणी आलं.

"टेकवा खाली," तो म्हणाला.

दंड बसेल, असं बैल म्हणाला. बसू दे, म्हणून पियानोने मामा टेकवला, बैलाला खाली धाडलं आणि स्वतः वर आला. मग तो बोलायला लागला. तीन पायऱ्या. माझ्याकडे उचल. डावा कोपरा आत. थांब. आता वळ. त्या आवाजात घाई नव्हती आणि शंकाही नव्हती. सहा वर्षांत त्या तोंडाने शेकडो बिऱ्हाडं उतरवली होती. बैल आंधळ्यासारखा खाली बघत चालत राहिला. भिंतीला एकदाही न घासता मामा तळाला पोचला. दंड धरूनही ते वेळेत बसले.

हवालदार वही घेऊन समोर आला.

"खाली का ठेवलं?"

"माणसं चुकीच्या जागी होती सर."

"आणि पाठ?"

"ती चुकीच्या जागी होती सर. आता बरोबर जागी आहे."

मिशी थोडी हलली. ही तक्रार आहे की उत्तर, असं हवालदाराने विचारलं. उत्तर आहे, असं पियानो म्हणाला. हवालदाराने वहीत एक खूण केली आणि पुढच्या चौघांना शिव्या घालायला निघून गेला.

रविवारी त्याने घरी फोन केला. पास झाल्याचं सांगितलं आणि तेवढ्या भरात सहा वर्षांचं साठलेलंही ओकून टाकलं: की तुम्ही मला दयेपोटी वर ठेवलंत, ते मला सहन झालं नाही, म्हणून मी इथे मरायला आलो.

पलीकडे बापाने टेम्पोचं इंजिन बंद केलं.

"दया?" बाप म्हणाला. "अरे, तुझ्या आधी वर तुझा काका असायचा. त्याला डावं-उजवं कळत नाही. त्याच्या पायी मी तीन कपाटं आणि दोन दात घालवले. तू वर आल्यापासून एक कप फुटला नाही. तू गेलास आणि तो परत वर आलाय. परवा फ्रिज गेला."

हे आधी सांगायचं नाही का, असं पोराने विचारलं. तू विचारलंस कधी, असं बाप म्हणाला. धंद्यात सगळ्याला तोंड लागतं, पण बापलेकांत मात्र कुणी ते उघडत नाही.

संचलनाच्या दिवशी बाप आला. पोराची लोखंडी पेटी बराकीच्या पहिल्या मजल्यावरून उतरवायची होती. पोरगा सवयीने वरच्या कडीकडे वळला, तर बापाने ती आधीच धरली होती. नुसती मान हलवून त्याने खालची कडी दाखवली.

पोराने गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली आणि वजन अंगावर घेतलं. बाप वरून बोलायला लागला. पाच पायऱ्या. आता उजवीकडे. पेटी उजवीकडच्याच भिंतीला घासली. काकाचाच सख्खा भाऊ तो. "झालं, शेवटची," असं बाप म्हणाला तेव्हा अजून दोन पायऱ्या बाकी होत्या, आणि पोराने त्या दोन्ही पायऱ्या पायाने चाचपून घेतल्या.