न झिजणारा तळ

मुलगी आजारपणात गेली, त्यानंतर त्या घरात नवराबायकोचं बोलणं जवळजवळ संपलं. बाप कोपऱ्यावरच्या टपरीत चपला-बूट शिवायचा, आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. कामावरून आली की भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची. घर त्याला खायला उठे, पण बायकोला "ऊठ" म्हणायची त्याची छाती होत नसे.

मग शेजारची खेळाची शिक्षिका हात धुऊन तिच्या मागे लागली. मैदानावर ती नवशिक्यांना लांबच्या शर्यतीसाठी तयार करत असे.

"काकू, एकदा या. नाही आवडलं तर मला चार शिव्या द्या."

ती गेली, बहुधा शिव्या द्यायलाच. पण दुसऱ्या दिवशीही गेली.

एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, तिसऱ्यापर्यंत चालायचं, अशी सुरुवात होती. तेवढ्यानेही ती लालबुंद होऊन घरी यायची.

"अहो, आज एका आजोबांनी मला मागे टाकलं. काठी टेकत चालले होते हो!"

तो खो खो हसला. तीही हसली. मग दोघंही एकदम गप्प झाले, जणू हसून काही भलतंच करून बसले होते.

हळूहळू चालणं कमी झालं, पळणं वाढलं. ती आपणहून जेवायला मागू लागली. शहरातल्या अर्ध्या मॅरेथॉनला तिने नाव दिलं आणि रोज विचारू लागली, "होईल ना हो पुरी?" त्याला शर्यतीचं सोयरसुतक नव्हतं. बायको सकाळी उठत होती, हेच खूप होतं. शर्यत पुरी झाली तर ती पुढेही उठत राहील, असं मात्र त्याच्या मनाने घेतलं होतं.

तिच्या बुटांच्या टाचा झिजल्या तेव्हा त्याला वाटलं, आपलाही हातभार लागू दे. त्याने तळ दाबून पाहिला. अंगठा आत रुतला.

"हा तळ आहे का पाव?"

त्याच्या धंद्यात मऊ तळ म्हणजे शुद्ध फसवणूक. सुट्टीच्या दिवशी त्याने तो सगळा स्पंज तासून काढला, जाड चामड्याचे थर दिले, खाली टायरचं रबर चिकटवलं आणि कडेने मेणदोऱ्याची शिवण घातली. मुलगी अंथरुणाला खिळली होती तेव्हा या हातांना करण्यासारखं काहीच नव्हतं. त्या दिवशी ते थांबायला तयार नव्हते.

"घे. आता रस्ता झिजेल, हा नाही झिजायचा."

तिने बूट घालून पाय आपटून पाहिले. "घोड्याला नाल ठोकलीत की!" मग त्याच्या चेहऱ्याकडे नजर गेली. "छान झालेत हो."

त्याच बुटांनी ती पळत राहिली. एकदा पाऊल चोळताना दिसली, पण त्याने विचारलं तर "जरा आखडलंय" म्हणाली. शर्यत तोंडावर आली आणि एका सकाळी ती शिक्षिकेच्या खांद्यावर भार टाकून लंगडत घरी आली.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. पावलाच्या हाडाला तडा गेला होता.

"हे एका दिवसात झालेलं नाही, रोजच्या दणक्यांनी झालंय. बूट कसले घालता?"

त्याने तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली, "साधेच. माझाच पाय खड्ड्यात पडला."

डॉक्टरांनी खाली वाकून बूट उचलला, तळावर अंगठा दाबला. तो जराही रुतला नाही. त्यांनी बूट परत ठेवला. 

बाहेर बाकावर बसल्यावर त्याने विचारलं, "दुखत होतं तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही उसवून ठेवले असते."

"मग? उसवायलाच हवे होते ना!"

"आणि पुन्हा गप्प झाला असतात. किती दिवसांनी तुम्ही हौसेने काही केलं होतं."

शर्यत त्यांच्याच गल्लीतून गेली. शिक्षिका पळता पळता खिडकीखाली थांबली आणि ओरडली, "काकू, हाड जुळू दे! पुढच्या वर्षी दोघी मिळून!" पलंगावरून तिने हात हलवला.

"जाशील ना गं?" त्याने विचारलं. "दुकानातले नवे बूट आणतो. मी हातसुद्धा लावणार नाही."

"बुटांचं काही नाही हो." तिने पायाच्या प्लॅस्टरवरून हात फिरवला. "पळताना पोरीचा विसर पडायचा. पडून राहिले तशी सगळी परत आली. आता पुन्हा तिला मागे टाकून जायचं माझ्याच्याने होणार नाही."

 खाली लोक टाळ्या वाजवून मागे पडलेल्यांना हुरूप देत होते. तो खिडकी लावायला उठला.

"राहू द्या," ती म्हणाली.

शेवटची पावलं गल्लीच्या टोकाला विरेपर्यंत दोघंही ऐकत राहिले.